सिम्युलेटरमधले लाखो किलोमीटर आणि फुलेवाडीच्या रस्त्यावरचा उसाचा ट्रॅक्टर

प्रश्न कोल्हापुरातील अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाच्या एका विद्यार्थिनीचा आहे आणि तो थोडक्यात असा: "आमचा चौघांचा गट कार्ला या सिम्युलेटरमध्ये स्वयंचलित गाडी चालवून पाहत आहे. ती पाच लाख किलोमीटर एकही अपघात न करता धावली, तर ती सुरक्षित आहे असे आम्हाला प्रकल्पाच्या अहवालात लिहिता येईल का? आणि त्यासाठी संपूर्ण कोल्हापूर शहर सिम्युलेटरमध्ये उभे करण्याचा आमचा बेत योग्य आहे का?"

पहिल्या भागाचे उत्तर "नाही" असे आहे, आणि दुसऱ्या भागाचेही जवळजवळ तेच आहे. मात्र सिम्युलेशन निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. गेली अनेक वर्षे माझे पोट त्याच कामावर चालले आहे. आपण ज्या गोष्टीसाठी ते वापरू पाहत आहात ती गोष्ट त्याच्याने होणार नाही, आणि जी होते तिच्याकडे आपल्या प्रश्नात लक्ष गेलेले नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

किलोमीटर मोजण्याची कल्पना कुठून आली ते आधी पाहू. अमेरिकेतील रँड या संशोधन संस्थेने २०१६ मध्ये एक साधा हिशेब मांडला. तिथे दर १० कोटी मैलांमागे साधारण १.०९ मृत्यू होतात. स्वयंचलित गाडीचा दर याहून वाईट नाही असे ९५ टक्के खात्रीने म्हणायचे, तर ती गाडी एकही प्राणघातक अपघात न होता सुमारे २७.५ कोटी मैल, म्हणजे अंदाजे ४४ कोटी किलोमीटर चालली पाहिजे. शंभर गाड्या ताशी २५ मैल वेगाने रात्रंदिवस पळवल्या तरी याला साडेबारा वर्षे लागतात. संख्याशास्त्रात याला तिनाचा नियम म्हणतात: ठरावीक संधी मिळूनही एखादी घटना एकदाही घडली नाही, तर तिच्या दराची वरची मर्यादा तीन भागिले त्या संधींची संख्या एवढी येते. हा आकडा पाहिल्यावर साहजिकच मनात येते की रस्त्यावर शक्य नाही तर संगणकात पळवू. स्वयंचलित गाड्या चालवणाऱ्या वेमो या अमेरिकी कंपनीने २०२० च्या सुमारास प्रत्यक्ष रस्त्यावरचे २ कोटी मैल आणि सिम्युलेशनमधले १५०० कोटी मैल असे आकडे जाहीर केले होते, तेव्हा अनेकांनी दुसरा आकडा रँडच्या हिशेबाशेजारी ठेवून प्रश्न सुटल्याचे मानले.

येथेच चूक होते. तिनाचा नियम लागू होण्यासाठी ते किलोमीटर खऱ्या रस्त्यावरून, जसे येतील तसे वेचलेले असावे लागतात. सिम्युलेटरमधला प्रत्येक किलोमीटर मात्र आपण रचलेला असतो. त्यात पाऊस किती वेळा येतो, म्हैस कधी आडवी जाते, समोरचा रिक्षावाला किती जोरात वळतो, हे सगळे आपणच ठरवलेले असते. तावडे हॉटेलपासून कागलपर्यंतचा रिकामा महामार्ग दहा हजार वेळा चालवला तरी आपल्या पाच लाखांपैकी कितीतरी किलोमीटरची नोंद होईल, पण माहितीत भर पहिल्या दोन-चार फेऱ्यांनंतर थांबलेली असेल.

माझ्या नोकरीची सुरुवात शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत झाली आणि सिम्युलेशनवर किती भरवसा ठेवायचा हे मी गाड्यांआधी तिथे शिकलो. मेथडिंग करताना, म्हणजे साच्याची आखणी करताना, रायझर (थिजताना आक्रसणाऱ्या भागाला धातू पुरवणारा साच्यातला साठा) कुठे आणि केवढा ठेवायचा हे ठरवण्यासाठी आम्ही धातू थिजण्याचे सिम्युलेशन करत असू. श्रिंकेज, म्हणजे धातू आक्रसून पडणारी पोकळी, कुठे येईल हे ते सॉफ्टवेअर बऱ्यापैकी नेमके दाखवायचे. पण वाळूतला ओलावा वाढला की येणारे ब्लो होल (वायूमुळे पडणारी छिद्रे) त्यात कधीच दिसत नसत, कारण वाळूचा ओलावा हा घटक त्या रनमध्ये, म्हणजे सिम्युलेशनच्या त्या फेरीत, आम्ही घेतलेलाच नव्हता. आमचे जुने मिस्त्री पडद्यावरची रंगीत चित्रे शांतपणे पाहायचे आणि मग पहिल्या लॉटमधली दोन कास्टिंग कापायला लावायचे. कापलेल्या तुकड्यात पोकळी जिथे दाखवली तिथेच निघाली, तर पुढच्या वेळी त्या प्रकारच्या कास्टिंगसाठी, आणि फक्त त्याच प्रकारासाठी, सॉफ्टवेअरचे म्हणणे ते मान्य करत. वाहनांच्या क्षेत्रात याच गोष्टीला आज मॉडेलची विश्वासार्हता तपासणे असे भारदस्त नाव आहे, आणि युरोपीय संघाने स्वयंचलित वाहनांसाठी २०२२ मध्ये केलेल्या नियमांत आभासी चाचणीचे निष्कर्ष पुढे करणाऱ्या उत्पादकाला ती तपासणी दाखवावी लागते.

तेव्हा "किती किलोमीटर" हा प्रश्न बाजूला ठेवून "कोणता प्रसंग" हा प्रश्न घ्यावा. जर्मनीत २०१६ ते २०१९ या काळात पेगासस नावाचा प्रकल्प चालला, त्याच्या आसपास प्रसंग तीन पायऱ्यांनी लिहिण्याची पद्धत रूढ झाली. आधी साध्या भाषेत वर्णन करायचे, मग त्यातल्या बदलत्या राशी आणि त्यांच्या कमाल-किमान मर्यादा ठरवायच्या, आणि शेवटी प्रत्येक राशीला एक नेमकी किंमत देऊन एक रन तयार करायचा. आपल्याकडचे उदाहरण घेऊ, कारण परदेशी प्रसंगसंग्रहांत ते आपल्याला मिळणार नाही.

गळीत हंगामात फुलेवाडीहून गगनबावड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर रात्री दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर बंद पडून डाव्या कडेला उभा आहे. मागच्या ट्रॉलीला दिवा नाही, चाकाखाली दगड लावलेला आहे, ऊस ट्रॉलीच्या मागे बाहेर आलेला आहे, समोरून दुसरे वाहन प्रखर दिवे लावून येत आहे, आणि शेतातून निघालेल्या चाकांनी आणलेला चिखल डांबरावर पसरलेला आहे. हे झाले वर्णन. आता राशी पाहू: आपल्या गाडीचा वेग, ट्रॉली कॅमेऱ्याला किती अंतरावर ओळखू येते ते अंतर, रस्त्याचे घर्षण, ट्रॉली रस्त्यावर किती आत आलेली आहे, समोरच्या वाहनाचे अंतर आणि त्याचा वेग. या सहा राशी झाल्या. प्रत्येकीच्या दहा-दहा किमती घेतल्या तर दहा लाख रन होतात, आणि प्रत्येक रन वीस सेकंदांचा धरला तर एका संगणकावर, खऱ्या वेळेच्या गतीने, सुमारे २३१ दिवस लागतात. इतके करून हाती येणारे बहुतेक रन एक तर अगदी सोपे असतात किंवा कोणालाही टाळता न येणारे असतात. उपयोगाची माहिती या दोहोंच्या मधल्या सीमेवर असते.

ती सीमा कुठे आहे याचा अंदाज कागदावरही करता येतो, आणि तो सिम्युलेटर उघडण्यापूर्वी करावा असा माझा आग्रह असतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.७ धरला तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत सुमारे २० मीटर लागतात. चिखलाने तो ०.३५ वर आला तर ४० मीटर लागतात. ओळखणे, निर्णय घेणे आणि ब्रेकमध्ये दाब तयार होणे यांत अर्धा सेकंद गेला तर त्यात आणखी ८ मीटरची भर पडते. म्हणजे ट्रॉली ४५ मीटरवर ओळखू आली तर कोरड्या रस्त्यावर प्रश्नच नाही आणि चिखलात टक्कर ठरलेली आहे. आपले रन ओळख-अंतराच्या ३० ते ६० मीटर या पट्ट्यात दाट ठेवा आणि बाकीच्या ठिकाणी विरळ. याच तत्त्वाच्या प्रगत पद्धती आहेत. मिशिगन विद्यापीठातील गटाने २०२३ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात दाखवले की निरर्थक क्षण गाळून फक्त धोक्याच्या क्षणांवर शिकवलेली आभासी वाहतूक चाचणीचा वेग हजार ते लाख पटींनी वाढवू शकते. पण तिथवर जाण्याची आपल्याला या प्रकल्पात गरज पडणार नाही.

"कोणालाही टाळता न येणारे" हे शब्द मी वर सहज वापरले, पण ते ठरवायलाही मोजमाप लागते. महामार्गावर आपणहून मार्गिका धरून चालणाऱ्या गाड्यांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या १५७ क्रमांकाच्या नियमावलीत, जी २०२१ मध्ये लागू झाली, दक्ष मानवी चालकाचे एक मॉडेल दिलेले आहे: धोका जाणवण्यास ०.४ सेकंद, ब्रेक लागण्यास ०.७५ सेकंद आणि कमाल मंदन गुरुत्वीय त्वरणाच्या ०.७७४ पट. हा चालक जी टक्कर टाळू शकतो ती यंत्रालाही टाळता आली पाहिजे. अर्थात ते मंदन कोरड्या रस्त्याचे आहे. आपल्या चिखलाच्या प्रसंगात तो आकडा घर्षणानुसार खाली आणावा लागेल, नाही तर काल्पनिक माणूस आपल्या गाडीपेक्षा उगाच सरस ठरेल.

आता मला सर्वांत अवघड वाटणाऱ्या भागाकडे येतो. तो म्हणजे रस्त्यावरची इतर माणसे.

रस्त्यावर नोंदवलेला लॉग पुन्हा चालवून नवे सॉफ्टवेअर तपासणे ही सर्वांत सोपी पद्धत आहे आणि नवशिक्या गटांना ती फार आवडते. पण नोंदीतली माणसे बहिरी आणि आंधळी असतात. मूळ फेरीत आपल्या गाडीने दसरा चौकात ब्रेक मारला नव्हता. नव्या सॉफ्टवेअरने तो मारला. मागची स्कुटी मात्र नोंदीप्रमाणे तशीच पुढे येते आणि आपल्या गाडीत घुसते, अहवालात टक्कर दिसते, आणि मग पोरे दोन दिवस नसलेला दोष शोधत बसतात. याच्या उलट प्रकार अधिक घातक असतो: नोंदीतल्या चालकाने मूळ फेरीत आपल्याला सांभाळून घेतले होते, तेच सांभाळणे पुन्हा चालवताना आयते मिळते, आणि चुकीचे सॉफ्टवेअर उत्तीर्ण होते. म्हणून लॉगचा उपयोग ओळखण्याचे काम तपासण्यापुरता ठेवावा; निर्णय तपासायचे असतील तर इतर वाहनांनी प्रतिसाद दिला पाहिजे.

प्रतिसाद देणारी जी मॉडेल्स तयार मिळतात, त्यांतली बहुतेक मार्गिका पाळणाऱ्या वाहतुकीतून जन्मली आहेत. समोरचे एक वाहन, त्याच्यापासूनचे अंतर आणि त्याचा वेग, यांवरून आपले त्वरण ठरवायचे, हा त्यांचा गाभा. महाद्वार रोडला सणाच्या आदल्या संध्याकाळी "समोरचे एक वाहन" असा प्रकारच नसतो. डावीकडून दुचाकी, उजवीकडून दुचाकी, मध्ये केएमटीची बस, आणि अंबाबाईचे दर्शन घेऊन निघालेले कुटुंब हात दाखवत, चालत्या वाहनांच्या फटींतून टप्प्याटप्प्याने रस्ता ओलांडत असते. जर्मन अवकाश संस्थेने विकसित केलेल्या सुमो या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये मार्गिकेचे आडवे अरुंद पट्टे पाडण्याची सोय आहे. पट्टा उदाहरणार्थ ८० सेंटिमीटरचा ठेवला तर एका मार्गिकेत दोन-तीन दुचाकी शेजारी-शेजारी चालू शकतात, आणि चित्र निदान ओळखीचे वाटू लागते. कार्लाची आपोआप चालणारी वाहतूक मात्र मार्गिकेला धरून राहते. शिवाय त्याचे तयार नकाशे उजवीकडून चालणाऱ्या वाहतुकीचे आहेत. संपूर्ण कोल्हापूर उभे करण्याच्या आपल्या बेताला माझा विरोध आहे तो यामुळेच: इमारती, बिंदू चौकाची तटबंदी, रंकाळ्याचा काठ हे सगळे हुबेहूब उभे राहील, सादरीकरणात टाळ्याही पडतील, पण त्या रस्त्यांवरून चालणारी माणसे दुसऱ्याच गावची असतील.

दुचाकीचा प्रश्न आपल्याकडे किती मोठा आहे याची एक नोंद पुरेशी आहे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली आणि त्यांतले सुमारे ४४.५ टक्के लोक दुचाकीवरचे होते. दुचाकीस्वाराचे आडवे सरकणे ज्या मॉडेलमध्ये नाही, त्या मॉडेलवरून भारतीय रस्त्याबद्दल काही निष्कर्ष काढणे मला पटत नाही.

संवेदकांबद्दल, म्हणजे गाडीच्या सेन्सरबद्दल, थोडक्यातच लिहितो. पडद्यावरचे चित्र डोळ्याला खरे वाटते म्हणून ते ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरलाही खरे वाटेल असे नाही. पावसाचे थेंब लेन्सवर बसणे, लायडारचा (लेसरने अंतर मोजणाऱ्या संवेदकाचा) किरण ओल्या डांबरावरून परत न येणे, रडारचे प्रतिध्वनी लोखंडी कठड्यावरून फिरून येणे, यांचे नमुने विद्यार्थ्यांच्या हाती असलेल्या साधनांत ढोबळ आहेत. उभ्या ट्रॉलीच्या प्रसंगात आणखी एक मेख आहे. बऱ्याच गाड्यांतील रडार-प्रणाली पूल, फलक आणि कठडे यांवरून खोटा ब्रेक लागू नये म्हणून वेगात असताना स्थिर वस्तूंकडे काणाडोळा करतात. सिम्युलेटरमधले आदर्श रडार मात्र ट्रॉली दोनशे मीटरवरून सांगते आणि गाडी दिमाखात थांबते. आपल्याकडे वेळ कमी आहे, तेव्हा कॅमेऱ्याच्या चित्रांच्या मागे न लागता वस्तूंची यादी थेट निर्णय घेणाऱ्या भागाला द्या आणि त्या यादीत हेतुपुरस्सर चुका पेरा: उशीर, मधूनच वस्तू गायब होणे, ट्रॉलीला भिंत समजणे. ओळखण्याचे काम वेगळे तपासायचे असेल तर हैदराबादच्या आयआयआयटीने पुढाकार घेऊन तयार केलेला भारतीय रस्त्यांचा चित्रसंग्रह आहे. त्यातल्या सुमारे दहा हजार चित्रांत रिक्षा आणि जनावरे हे स्वतंत्र वर्ग आहेत.

पेरलेल्या चुकांना मी इतके महत्त्व देतो याचे कारण टेम्पीचा अपघात. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतील अॅरिझोना राज्यात उबरच्या चाचणीच्या गाडीने रात्री सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला उडवले. तपास यंत्रणेच्या अहवालानुसार गाडीला ती ५.६ सेकंद आधी दिसली होती. पण प्रणाली तिला कधी वाहन, कधी अनोळखी वस्तू, कधी सायकल ठरवत राहिली आणि प्रत्येक वेळी तिच्या मार्गाचा अंदाज नव्याने सुरू झाला. पादचारी मार्गाबाहेर कोणी रस्ता ओलांडेल हे तिच्या रचनेत गृहीतच नव्हते. वस्तू पाच सेकंद आधी सापडणे आणि तिचे नाव सेकंदागणिक बदलणे, एवढी एकच चूक यादीत पेरली असती तरी हा दोष टेबलावर दिसला असता. ऑक्टोबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत क्रूझ कंपनीच्या चालकविरहित गाडीच्या बाबतीत घडले ते याहून विचित्र होते. माणूस चालवत असलेल्या दुसऱ्या गाडीने एका पादचारी महिलेला धडक देऊन क्रूझच्या गाडीच्या मार्गात फेकले. क्रूझच्या गाडीने ब्रेक लावला, धडक बसलीच, आणि मग ती बाजूची किरकोळ टक्कर समजून गाडी कडेला घेण्याच्या प्रयत्नात तिने त्या महिलेला सुमारे २० फूट फरफटत नेले. आपले जवळजवळ सगळे प्रसंग टक्कर झाली की संपतात. रन तिथे थांबवू नका; टक्करीनंतरचे दहा सेकंदही पाहा.

आता कास्टिंग कापण्याची गोष्ट. आपल्या सिम्युलेटरमधल्या गाडीचा ब्रेक खऱ्या गाडीसारखा लागतो का, हे तपासल्याखेरीज वरचे मीटर आणि सेकंद हवेतले आहेत. महाविद्यालयाच्या आवारात, परवानगी घेऊन, रिकाम्या सरळ रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरवरून दहा वेळा ब्रेक मारून थांबण्याचे अंतर टेपने मोजा. दहा अंतरे सारखी येणार नाहीत, आणि ती वेगवेगळी येणेच चांगले. तोच प्रसंग सिम्युलेटरमध्ये चालवा आणि उत्तर त्या दहांच्या पसाऱ्यात पडते का ते पाहा. किती फरक चालेल हे मोजण्यापूर्वी लिहून ठेवा, कारण नंतर ठरवलेली मर्यादा हमखास आपल्या उत्तराला सामावून घेण्याएवढी सैल होते.

सिम्युलेटरलाही नापास करून पाहावे लागते. पूर्वी एका ठिकाणी शुक्रवारी संध्याकाळी लावलेले रन आम्ही सोमवारी उघडले तेव्हा एकही टक्कर नव्हती, आणि साहेबांना तसा मेलही गेला. दुपारी एका सहकाऱ्याने सहज चित्रफीत लावली, तर गाडी दुचाकीस्वारांच्या अंगातून आरपार जात होती. टक्कर ओळखण्यासाठी लागणारी आकृती त्या नव्या दुचाकीला जोडायची राहून गेली होती. तेव्हापासून कोणताही संच चालवण्याआधी मी गाडीचे ब्रेक बंद करून एक फेरी घेतो. गाडी ठोकली नाही तर पुढे जात नाही. त्याचबरोबर तोच रन दोनदा चालवून उत्तर अक्षरशः तेच येते का, हेही पाहतो. कार्लामध्ये यासाठी ठरावीक वेळटप्प्याने चालणारी समकालिक पद्धत वापरावी लागते. ती न वापरता संगणकाच्या गतीवर सोडले तर एकच प्रसंग सकाळी उत्तीर्ण आणि दुपारी अनुत्तीर्ण होतो.

तेव्हा प्रकल्पासाठी माझी सूचना अशी. शहर सोडा, फुलेवाडीच्या पुढचा एक किलोमीटर रस्ता घ्या आणि उभ्या ट्रॉलीचा हा एकच प्रसंग नीट करा. शक्य असेल तर दुसरा प्रसंग म्हणून दसरा चौकातला एक डावा वळसा घ्या. त्यासाठी एखाद्या इमारतीच्या गच्चीवरून, मालकांची परवानगी घेऊन, दोन तासांचे चित्रीकरण करा आणि दुचाकी किती आडव्या सरकतात, किती फट असली की घुसतात, हे त्यातून मोजा. मोबाइलचे जीपीएस यासाठी पुरेसे नाही. ते सहसा सेकंदाला एकदाच स्थान सांगते आणि तेवढ्यात दुचाकी दुसऱ्या फटीत गेलेली असते. अहवालात वेग आणि ओळख-अंतर यांचा एक तक्ता द्या, त्यात गाडी कुठे थांबते, कुठे ठोकते आणि कुठे दक्ष माणसाचीही टक्कर झाली असती, हे तीन रंगांत दाखवा, आणि त्याखाली आपण कोणत्या राशी घेतल्या नाहीत ते स्पष्ट लिहा. किलोमीटरांचा आकडा देण्याची गरज नाही.

एक काम मात्र हंगाम सुरू झाल्यावरच करता येईल. कारखान्याच्या गाडीतळावर रांगेत उभ्या असलेल्या ट्रॉल्या पाहा आणि चालकमामांना विचारून टेपने मोजा, की ऊस ट्रॉलीच्या लोखंडी चौकटीच्या मागे किती बाहेर येतो आणि जमिनीपासून किती उंचीवर. सिम्युलेटरमधली ट्रॉली चौकटीपाशी संपते आणि आपली गाडी त्या चौकटीपासून अंतर राखून थांबते. तो बाहेर आलेला ऊस पुढच्या काचेच्या उंचीला येतो की नाही, हे त्या मोजमापाशिवाय आपल्याला कळणार नाही.